उत्तेजनार्थ

"हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही." कोणत्याही शाळेच्या पालकसभेला अर्धा तास बसा, हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. बोलणारी आई असते किंवा वडील, समोर वर्गशिक्षिका, आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो शेजारी उभा राहून टेबलाची कड नखाने खरवडत असतो. वाक्य तक्रारीचं असलं तरी त्यात आपण पोराची बाजूच घेतली, असं बोलणाऱ्याला मनापासून वाटतं. ढ नाही तो, डोकं आहे त्याला, फक्त मनावर घेत नाही. बाईही मान डोलावतात, कारण मागे अजून वीस पालक रांगेत असतात.

पोरगा मात्र या वाक्यातून आपला हिशोब मांडतो. हुशारी आपल्याकडे आहेच, ती सगळ्यांनी मान्य केलेली आहे. धोका आहे तो अभ्यास करण्यात. अभ्यास न करता पंचावन्न पडले तर 'केला असता तर नव्वद पडले असते' ही सोय शाबूत राहते. अभ्यास करून पंचावन्न पडले तर? मग हुशारीच गेली. घरात ज्या एका गोष्टीसाठी आपली किंमत आहे ती पणाला लावण्यापेक्षा आळशी म्हणवून घेतलेलं काय वाईट! आईवडिलांना वाटतं पोरगं ऐकत नाही. पोराने तर प्रत्येक शब्द नीट ऐकलेला असतो.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी 1998 साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग याच हिशोबाचा होता. मुलांना आकृत्यांची कोडी घातली, ती सुटल्यावर काहींना सांगितलं की तू हुशार आहेस, काहींना सांगितलं की तू बरीच मेहनत घेतलेली दिसतेय. फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढचा संच मुद्दाम अवघड ठेवला होता, त्यात सगळेच आपटले. तिसरा संच पुन्हा पहिल्यासारखा. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांची त्यात आधीपेक्षा घसरण झाली, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पुढे गेली. मला त्यातला शेवटचा भाग जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या शाळेतल्या, कधीही न भेटणाऱ्या मुलांसाठी आपला अनुभव निनावी लिहायचा होता, सोबत आपले गुणही. हुशार ठरवलेल्यांपैकी 38 टक्के मुलांनी गुण खोटे लिहिले. मेहनतवाल्यांत हे प्रमाण 13 टक्के होतं. ज्याला आपलं नावही कळणार नाही त्याच्यापुढेसुद्धा हुशारी सांभाळावी लागते, इतकं ओझं त्या एका प्रेमळ वाक्याचं होतं.

आधीच्या पिढ्यांत हा घोळ नव्हता, कारण पोराचं तोंडावर कौतुक करायचंच नाही असा दंडक होता. गुरूची स्तुती समोर करावी, मित्राची पाठीमागे, नोकराची काम झाल्यावर आणि मुलाची कधीच करू नये, असं सांगणारं एक संस्कृत सुभाषित आहे. (बायकांची स्तुती त्या मेल्यावरच करावी, असंही त्याच श्लोकात पुढे आहे, तेव्हा या सल्लागाराचं किती ऐकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.) चाणक्याच्या नावावर खपणाऱ्या दुसऱ्या श्लोकाने तर वेळापत्रकच घालून दिलं: पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार आणि सोळावं लागलं की मैत्री. त्यात दृष्टीची भीती. बाळ गोंडस आहे म्हणावं तर आई घाईघाईने "कसलं हो, रात्रभर रडत असतं" असं सांगून मोकळी व्हायची. गालावर काजळाची तीट, आधीची मुलं जगली नसतील तर नाव धोंडू, दगडू किंवा भिकू. मूल जगेल याचीच खात्री नव्हती तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये यातच त्याचं भलं होतं.

पण या दंडकाला घरातच एक पळवाट होती, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कौतुकाचं काम वडिलांनी करायचं नसलं तरी ते आजी, आत्या, मामा यांच्यात वाटून दिलेलं होतं. दिवसभर गाढव ठरलेल्या पोराच्या ताटात आजी तुपाची धार जरा जास्त धरायची. वडील स्वतः पोराशी धड बोलत नसत, पण ओट्यावर चार माणसांत त्याच्या अक्षराबद्दल सांगत, आणि दोन दिवसांनी शेजारचे काका पोराला गाठून म्हणत, "काय रे, तुझे बाबा फार सांगत होते तुझ्याबद्दल." कौतुक घरात यायचं ते असं वळसा घालून, आणि वळसा घालून आल्यामुळे त्यावर शंका घ्यायला जागा नसायची. या व्यवस्थेचे गोडवे गायचा माझा इरादा नाही. कित्येकांच्या वाट्याला गाढव तेवढं आलं आणि तुपाची धार आलीच नाही. अशी माणसं साठीतही आपल्या वडिलांच्या एका चांगल्या शब्दाची वाट पाहत असलेली दिसतात. पण रागावणारा वेगळा आणि गोंजारणारा वेगळा, ही विभागणी होती. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती दोन्ही कामं, ऑफिसातून साडेसातला दमून आलेल्या त्याच दोन माणसांना करायची असतात. आठला ओरडायचं, नऊला शाब्बास म्हणायचं. मुलाने कुठलं खरं मानायचं?

अशा घरांना मग शब्दांचे तयार डबे हवेहवेसे वाटतात. 'मुलांना रोज म्हणावीत अशी वीस वाक्यं' हा मजकूर व्हॉट्सॅपवर फिरत असतो, त्याच्यामागे असलेली कल्पना एकेकाळी एका सरकारनेही मनावर घेतली होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या जॉन व्हॅस्कॉन्सेलॉस या लोकप्रतिनिधींचं म्हणणं असं, की गुन्हेगारी, नशा, शाळागळती, अल्पवयातली गर्भारपणं या सगळ्यांच्या मुळाशी एकच रोग आहे: आत्मसन्मानाचा अभाव. तो वाढवला तर राज्याचा खर्च वाचेल, एवढंच काय, माणसं जास्त कमावतील आणि जास्त कर भरतील. 1986 साली गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी कायद्यावर सही केली, तीन वर्षांसाठी सात लाख 35 हजार डॉलर मंजूर झाले आणि आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक कृतिदल बसलं. व्यंगचित्रकारांनी टर उडवली, पण वारं पसरलं. 1989 मध्ये विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या विषयावर जो ग्रंथ काढला त्याच्या प्रस्तावनेतच संपादक नील स्मेल्सर यांनी कबूल केलं होतं की आत्मसन्मान आणि त्याचे अपेक्षित परिणाम यांच्यातला संबंध हाती लागला तो फारच क्षीण. प्रस्तावना कोण वाचतं? 1990 चा अंतिम अहवाल मात्र जोरात गेला, आणि अमेरिकेतल्या शाळांत मुलांना आरशासमोर उभं करून 'मी खास आहे' म्हणून घ्यायचे दिवस आले.

2003 साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून काढलं. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना स्वतःबद्दल जरा बरं वाटतं, हे खरं निघालं. पण स्वतःबद्दल बरं वाटायला लावलं म्हणून गुण वाढतात, याला आधार सापडला नाही. गाडी बैलांच्या पुढे जुंपली होती. आत्मसन्मान निरुपयोगी आहे असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. तो असलेला माणूस जास्त सुखी असतो, आपणहून पुढाकार घेतो, हेही त्याच परीक्षणात आहे. प्रश्न आत्मसन्मान यावा कुठून, एवढाच आहे.

आपल्याकडे ही लाट जरा उशिरा आणि इंग्रजी नर्सरीच्या दारातून आली. मनगटावर उमटवलेला स्टार, वहीत 'सुपर्ब'चं स्टिकर. आणि चित्रकला स्पर्धा! पूर्वी गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेत तीन बक्षिसं असायची आणि खाली दोन उत्तेजनार्थ. ते उत्तेजनार्थ मोठं प्रामाणिक बक्षीस होतं. तुझं चित्र थांबून पाहिलं, त्यात काहीतरी आहे, अजून जमलेलं नाही, एवढा सगळा निरोप त्या एका कंपासपेटीत असायचा. आता मंडळ शंभर पदकं एकदम आणतं, प्रमाणपत्रावर नावाची जागा कोरी असते, ती तिथेच पेनने भरतात. गळ्यात पदक घालून घरी आलेल्या सहा वर्षांच्या पोराला "अरे वा, बक्षीस!" म्हणून बघा. "सगळ्यांना दिलं," असं ते शांतपणे सांगतं आणि पदक सोफ्यावर टाकून पाणी प्यायला जातं.

मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा मुलांचा भाव करण्याचा काटा फार बारीक असतो. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना व्हॅन गॉचं रानगुलाबांचं चित्र पाहून काढायला दिलं होतं. चित्रकाराने लिहिली म्हणून त्यांना चिठ्ठी दिली. कुणाच्या चिठ्ठीत होतं, चित्र सुंदर आहे. कुणाच्या चिठ्ठीत, चित्र अफाट सुंदर आहे. पुढे कोणतं चित्र नकलायचं ते मुलांनी निवडायचं होतं, सोपं किंवा अवघड. ज्यांचा स्वतःवर मुळातच कमी विश्वास होता अशा मुलांनी 'अफाट' ऐकल्यावर सोपं चित्र उचललं. एकदा अफाट ठरल्यावर पुढच्या वेळी साधं सुंदर निघालं तर? गंमत अशी की मोठी माणसं हे फुगवलेलं कौतुक जास्त करून अशाच मुलांचं करतात, कारण त्यांनाच त्याची गरज आहे असं वाटतं. औषध नेमकं त्याच रोग्याला, ज्याला ते बाधतं. याच गटाने पुढच्या वर्षी 565 मुलांचा पाठपुरावा करून आणखी एक गोष्ट दाखवली. आपलं मूल इतरांपेक्षा वरचढ आहे असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढलेली दिसली. निरोगी आत्मसन्मान वाढला तो घरात माया मिळणाऱ्या मुलांत. माया आणि वाहवा घरात एकत्रच नांदतात असं आपण धरून चालतो, पण मुलावरचा त्यांचा परिणाम दोन वेगळ्या दिशांना जातो.

ड्वेकबाईंच्या कामाचाही असाच तयार डबा झाला. हुशारीऐवजी मेहनतीचं कौतुक करा, एवढं सूत्र उचलून पालक-शिक्षक 'छान प्रयत्न केलास' म्हणू लागले, नापास झालेल्यालाही तेच. 2015 मध्ये ड्वेकबाईंना स्वतःलाच सांगावं लागलं की प्रयत्नांचं कौतुक म्हणजे सांत्वनाची गोळी नव्हे. अशा उपक्रमांचा गुणांवर होणारा परिणाम एकंदरीत थोडाच आहे, असं 2018 च्या एका मोठ्या परीक्षणात निघालं. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. वाक्य बदललं, बोलणारा तोच राहिला, मोबाइलवरून नजर न काढता बोलणारा.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नऊ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच पोळी लाटत होती. तव्यावरून उतरवली आणि ओरडली, "कशी झालीय?" बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "वा, मस्तच गं!" आजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. तिने पोळी दोन बोटांत धरून खिडकीकडे केली. "हे बघ, इथे मध्ये पातळ झालीय, उजेड दिसतोय. कड जाड राहिली, ती कच्ची लागेल. पण पदर सुटलेत हो. आता दुसरीला लाटणं मधून नको, कडेकडेने फिरव." मुलीने दुसरा उंडा घेतला. रात्री जेवताना वडिलांना तिने काय सांगितलं असेल? मस्त झाली असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, माझ्या पोळीला पदर सुटले." आईचा शब्द प्रेमाचाच होता, पण त्यातून मुलीला बरोबर न्यायला काही मिळालं नाही. आजीच्या पहिल्या तीन वाक्यांतली दोन चुका दाखवणारी होती, आणि त्या दोन होत्या म्हणूनच तिसऱ्यावर विश्वास बसला.

1965 साली हाइम गिनॉट या मानसतज्ज्ञाने पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हाच आग्रह होता: मुलावर निकाल देऊ नका, त्याने काय केलं ते सांगा. तू किती गुणी, असं म्हटलं की मूल मनातल्या मनात आपले सगळे अवगुण आठवू लागतं. तू सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलीस, असं म्हटलं की पुढचा निष्कर्ष ते स्वतःच काढतं, आणि आपण काढलेला निष्कर्ष कुणी हिरावून घेऊ शकत नाही. आजीने गिनॉट वाचलेला नव्हता. तिच्याकडे वेळ होता आणि पोळीची पारख होती. या दोन्ही गोष्टी वीस वाक्यांच्या यादीत बसत नाहीत, म्हणून तर यादी एवढी लोकप्रिय आहे. पालकांच्या शब्दाची पत असते, नोटेला असते तशी. मागे तारण असेल तर एक रुपयाही चालतो. नसेल तर कितीही छापा, मुलं ती नोट उजेडात धरून पाहतात.

तारण कशाचं, याचं एक उत्तर स्टॅन्ली कूपरस्मिथ यांच्या 1967 च्या पुस्तकात आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलग्यांचा आणि त्यांच्या घरांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की ज्यांचा आत्मसन्मान भक्कम होता त्यांच्या घरी मुलाला मनापासून आपलं मानलं जात होतं, त्याच्या मताला किंमत होती, आणि नियम मात्र ढिले नव्हते. उलट बाकीच्या घरांपेक्षा तिथे नियम जास्त स्पष्ट आणि जास्त सातत्याने पाळले जाणारे होते, फक्त ते पाळायला लावताना मारझोड आणि अपमान नव्हता. मुलाचा मान राखणं म्हणजे त्याला काहीही करू देणं, ही समजूत तिथेच निकालात निघायला हवी होती.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग आठवा. पोहायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. हा प्रसंग आपल्याकडे दोन्ही पक्ष वापरतात. मारझोडीचे समर्थक म्हणतात, बघा, तेव्हाच्या आया कशा होत्या. विरोधक म्हणतात, असलं पुस्तक मुलांच्या हाती देऊच नका. तो मार मला नको वाटतो, कुणी त्याला संस्काराचं नाव दिलं तरी. पण मुलगा पोहून आल्यावर त्या घरात जे होतं तिकडे दोन्ही पक्षांचं लक्ष नसतं. आई त्याची विचारपूस करते, त्याच्यासाठी दही राखून ठेवलेलं असतं, आणि आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये हे तिला का हवं होतं ते ती त्याला सांगते. तू शूर आहेस, असं सांगून ती त्याला घरात बसवत नाही. त्याला जमेल असं ती धरूनच चालते. हे धरून चालणं काढून नुसती छडी उचलणारे आणि हे धरून चालणं काढून नुसतं दही वाढणारे, दोघांनाही त्या प्रसंगाचा फारसा उपयोग नाही.

जमेल असं धरून चालण्याची खूण म्हणजे काम सोपवणं. यात आजची सुखवस्तू घरं फार कंजूष झाली आहेत. "तू करू शकतोस, माय चॅम्प!" असं म्हणणारे वडील बुटाची नाडी बांधायला अर्धं मिनिट जास्त लागलं की खाली वाकून स्वतःच बांधतात. तोंडाने एक सांगतात, हात दुसरं सांगतात, आणि मूल हाताचं ऐकतं. दप्तर आई भरते, प्रोजेक्ट बाबा करतात, त्यावर मिळालेल्या शाबासकीने मुलाने स्वतःबद्दल नेमकं काय समजावं? याच्या उलट, वस्तीतल्या शाळांत पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतली मुलं पहा. चौथीतली पोर आईला विजेचं बिल वाचून दाखवते, बँकेत पैसे काढायची चिठ्ठी भरते, रेशनच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते सांगते. तिला कुणी वा म्हणत नाही, त्या घरात तेवढी फुरसत नसते. पण आई पासबुक घेऊन तिचीच वाट पाहत थांबते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याच्याइतकं वजनदार प्रमाणपत्र कुठल्याही मंडळाने छापलेलं नाही. अर्थात हेच वजन फार झालं तर पोर पिचते, शाळाही सुटते, आणि गरिबीला चारित्र्याची शाळा म्हणणाऱ्यांत मला जायचं नाही. इतकंच म्हणायचं आहे की खरं काम आणि खोटी शाबासकी यांतलं मुलांना काय हवं असतं, ते ओळखायला फार तज्ज्ञ लागत नाही.

माँटेसरीबाईंना हे रोमच्या गरीब वस्तीत 1907 साली उघडलेल्या बालगृहात दिसलं होतं. एका मुलाला बक्षीस म्हणून पदक दिलं होतं, तर तो आपल्या वस्तूंची ने-आण करण्यातच गुंग होता. पदक मध्ये लुडबुडायला लागलं तेव्हा शिक्षा म्हणून बसवून ठेवलेल्या दुसऱ्या मुलाने ते मागितलं आणि याने देऊन टाकलं. भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सोबतीने काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा धडा भारतीय मातीत आणला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर तो राबवला. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात नेली. मुलाच्या रोजच्या कामाला कमी न लेखता त्याच्या शेजारी जाऊन बसणं, हा मुलाचा केवढा मोठा सन्मान आहे! आजच्या बालवाड्या त्याच परंपरेचं नाव सांगतात आणि मनगटावर स्टार उमटवतात.

एक कौतुक मात्र मला फुगवलेल्या कौतुकापेक्षाही जास्त खटकतं, आणि ते बहुतेक करून मुलींच्या वाट्याला येतं. "शहाणी आहे हो आमची, कधी काही मागत नाही." "हिचा काही त्रासच नाही." मुलाला हुशार म्हणायचं, मुलीला शहाणी म्हणायचं. शहाणी म्हणजे भावाला मोठा तुकडा दिला तरी न कुरकुरणारी, पाहुणे आले की पाणी आणून देणारी, आवाज न चढवणारी. हे शब्द गोड आहेत, मनापासून म्हटलेले आहेत, म्हणूनच ते मोडवत नाहीत. गाढव म्हटलेला मुलगा कधीतरी उलटून बोलतो. शहाणी म्हटलेली मुलगी पुढे पंचवीस वर्षांनी नवऱ्याकडे, वरिष्ठांकडे, डॉक्टरकडेही काही मागत नाही. शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंद केलं. घरातल्या अपमानाबद्दल आपण निदान बोलतो तरी. कौतुकाने मूल आपल्या सोयीच्या साच्यात बसवणं कुठल्याच कलमात येत नाही. मुलाच्या भल्यासाठी म्हटलेलं वाक्य आणि आपल्या सोयीसाठी म्हटलेलं वाक्य वेगळं ओळखायला एक साधी परीक्षा पुरते: या वाक्यानंतर मुलाला नाही म्हणणं सोपं जाईल की अवघड?

मुलं आपल्याशी बोललेल्यापेक्षा आपल्याबद्दल बोललेलं जास्त खरं मानतात. आपल्याशी बोलताना मोठ्यांचा काही हेतू असतो, हे त्यांना लवकर कळतं. फोनवर मावशीशी बोलताना आईचा तो हेतू नसतो. आणि आपल्याकडे मुलांच्या डोक्यावरून बोलण्याची सवय अशी, की मूल तिथे बसलेलं आहे हे कुणाच्या गावीही नसतं. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात समोरच्या अनोळखी बाईलाही सांगितलं जातं: हा जरा मंदच आहे, ही रंगाने आजीवर गेलीय, याचं गणित कच्चं आहे, माझ्यासारखंच. मूल खिडकीबाहेर पाहत असतं. बाहेर पाहणाऱ्या मुलाचे कान आत असतात. सकाळी त्याला 'तू खूप छान आहेस' असं वीस वेळा म्हणून संध्याकाळी मावशीला 'काय करावं याचं कळत नाही' असं सांगितलं, तर दोन्हींतलं कोणतं पक्कं धरायचं याबद्दल त्याच्या मनात जराही गोंधळ नसतो. जुन्या घरातल्या त्या ओट्यावरच्या वडिलांना निदान हे ठाऊक होतं, की पोराबद्दल चारचौघांत काय म्हणायचं ते जपून म्हणायचं असतं. आपण चारचौघांत तक्रार करतो आणि एकांतात स्तुती. त्यांनी केलं त्याच्या बरोबर उलट.

याची दरवर्षीची मोठी परीक्षा दहावीच्या निकालाच्या दिवशी होते. बोर्डाने गुणवत्ता यादी कधीच बंद केली, पण चौकाचौकांतल्या फ्लेक्सनी ती चालू ठेवली आहे. दुपारी एकला निकाल लागतो आणि सव्वाला फोन सुरू होतात. काका, आत्या, ऑफिसातले, सोसायटीतले. चौसष्ट टक्के मिळालेला मुलगा आतल्या खोलीत पलंगावर आडवा असतो, दार अर्धवट उघडं. आपण आत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून जे काही म्हणणार आहोत ते त्याला आधीच माहीत असतं: ठीक आहे, हेच सगळं नसतं, पुढे बघू. तो त्याची वाट पाहत नसतो. त्याचं लक्ष बाहेरच्या फोनकडे असतं. "चौसष्ट. हो ना, काय करणार, मोबाइल सुटत नाही हातातून," हे एक उत्तर आहे. "चौसष्ट. विज्ञानात त्याला वाटत होतं त्यापेक्षा कमी पडले, गणितात मात्र एक्क्याऐंशी आहेत, सराव परीक्षेत पन्नास होते. आयटीआयचं बघतोय तो, त्याचा तोच फॉर्म काढून आणलाय," हे दुसरं. दुसऱ्यात गुण तेवढेच आहेत आणि कौतुकाचा शब्द एकही नाही. पण ते द्यायचं तर सराव परीक्षेत किती होते हे आपल्याला ठाऊक असायला हवं, आणि ते निकालाच्या दिवशी सव्वाला शोधून सापडत नाही.